पुढच्या दाताचा कल

मंगळवारी सकाळी पडद्यावर एक जबडा उघडला आणि त्यात सेरमेतला आपल्या हातची दाढ दिसली.

जबडे रोजच उघडत. इझमिरच्या चांकाया भागात, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती दातांची प्रयोगशाळा होती. शहरभरच्या दवाखान्यांतून तिथे तोंडांचे नकाशे येत, आणि त्या नकाशांवरून यंत्रात दात कोरून देण्याचं काम सेरमेत करत असे. नाव कधीच नसायचं, फक्त क्रमांक. ओठ नाहीत, जीभ नाही, श्वास नाही; करड्या रंगाचा नुसता हिरड्यांचा नाल आणि त्यावर उभे दात. इतक्या वर्षांत त्याला हे जबडे कुणाचे तरी आहेत असं वाटणंच बंद झालं होतं. सुताराला लाकूड बघताना कुठं झाड आठवतं? तो चहाचा घोट घ्यायचा, नकाशा गर्रकन फिरवायचा आणि कामाला लागायचा. आज पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. वरच्या बाजूची उजवीकडची दाढ धातूच्या टोपीची होती, आणि टोपीच्या मधला चर शेवटाला जाऊन जरा वळला होता, शेपटी गुंडाळावी तशी. असं वळण कुठल्याही पुस्तकात नाही. त्याचा उस्ताद त्याच्यावर त्यापायी ओरडायचा. "दाढ कोरतोयस का मांजर?" सेरमेत पुढच्या खेपेला सांभाळून कोरायचा, आणि पुढच्या खेपेलाही शेवटी हात वळायचाच. मग उस्ताद गेला, मेणाची कोरणी गेली, यंत्रं आली. यंत्राला असल्या खोडी नसतात. ते वळण आता कुठेच उमटत नव्हतं, आणि ते असं अचानक, सकाळच्या उन्हात, पडद्यावर त्याच्याकडे बघत बसलं होतं.

त्याने नकाशा फिरवला. खालच्या पुढच्या दातांत एक दात रांग सोडून पुढे आलेला. तोही ओळखीचा. नऊ वर्षं जेवणाच्या टेबलापलीकडे पाहिलेला.

फेरिहाची, त्याच्या तेव्हाच्या बायकोची, दाढ ऑलिव्हच्या बीने फुटली होती, त्याच्या आईच्याच घरी, रविवारच्या नाश्त्याला. आई म्हणाली, "हळू खावं गं, कुणी पळवून नेणारे का?" आणि फेरिहा गालावर हात ठेवून हसत सुटली होती, दुखत असूनही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याने ती टोपी संध्याकाळी काम संपल्यावर थांबून थांबून केली, उस्तादाच्या परवानगीने, मेण तीनदा मोडून. बसवल्यावर कितीतरी दिवस तिची जीभ तिथेच. बोलता बोलता थांबायची, जीभ आत फिरायची. "कसलं लग्न केलंस माझ्याशी," ती म्हणायची, "तुझं काहीतरी सारखं तोंडात आहे. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही." पुढे तिची बहीण जर्मनीत कोलोनला कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायला लागली आणि तिने फेरिहाला बोलावलं. एक वर्ष जाऊन बघू, जमलं तर तू ये, असं ठरलं. ठरवताना दोघंही खूश होते. त्याचा व्हिसा एकदा नाकारला, दुसऱ्यांदा नाकारला. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. का गेला नाही हे त्याला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आईचे गुडघे होते, हिवाळा होता, काम होतं. फोन आठवड्याला यायचे, मग महिन्याला, मग सणाला. शेवटी एका वकिलाचा आला. भांडण झालं असतं तर निदान ते मिटवता तरी आलं असतं.

"सेरमेतदादा, चहात माशी पडली का?" नेझाहत शेजारच्या टेबलावरून म्हणाली. ती दातांना रंग चढवायची; तिच्या ब्रशाखालून निघालेला दात आईच्या पोटातून आलाय असं वाटे. "केव्हापासून त्या बाईकडे टक लावून बघताय."

"बाई कशावरून?"

"जबडा लहान आहे की. आणि खालचे दात बघा, कसे झिजवलेत. झोपेत दात खाणारी बाई आहे ही." तिने ब्रश झटकला. "घरात नवरा असेल तुमच्यासारखा. मुका."

सेरमेतने चहा प्यायला. गार झाला होता.

हा नकाशा वसंतातला होता, आधीचा. सोबत दुसरा होता, आताचा, आणि त्यात वर एकही दात नव्हता. रिकामी हिरडी आणि तिच्यात रोवलेले सहा खुंट. म्हणजे ती वसंतात इथे येऊन गेली, सगळे दात काढले, खुंट बसवून घेतले, तात्पुरती प्लॅस्टिकची पट्टी घालून परत गेली. आणि आता कायमच्या दातांसाठी पुन्हा आली होती. त्याच शहरात. दवाखाना अल्सांजाकला होता, इथून चालत जाण्याएवढा. ती दाढ आता जगात नव्हती. तिचा नुसता नकाशा होता, नव्या दातांचा आकार ठरवायला मदत व्हावी म्हणून पाठवलेला. काम असं होतं: पांढऱ्या चकतीतून वरच्या सगळ्या दातांची एकसंध पट्टी कोरायची, ती भट्टीत भाजायची, आणि सहा स्क्रूंनी सहा खुंटांवर आवळायची. स्क्रू आत जायला प्रत्येक खुंटावर दातातून एक बोगदा लागतो. मागच्या दाढांचे बोगदे चावण्याच्या बाजूला उघडतात, ते कुणाला दिसत नाहीत. पण पुढे, नाकाच्या खाली, एक खुंट बाहेरच्या बाजूला कलला होता. हाड तिथे तेवढंच होतं, डॉक्टरांचा इलाज नव्हता. त्याच्या सरळ रेषेत बोगदा पाडला तर तो पुढच्या दाताच्या दर्शनी भागातून बाहेर येणार होता, अगदी मधोमध. दवाखान्याने सोबत लिहिलं होतं की चालेल, भोक भरून घेऊ, बाईंचं विमान शुक्रवारी आहे.

भोक भरतात. पहिलं वर्ष रंग जुळतो, मग ती जागा पिवळी पडते. हसताना दातावर मसूर चिकटल्यासारखी दिसते. सेरमेतने अशी कितीतरी भोकं कोरून दिली होती आणि एकदाही त्यांचा विचार केला नव्हता.

दुसरा रस्ता होता. बोगदा आतून वाकवायचा. खुंटाकडून सरळ यायचं, आणि टाळूच्या बाजूने कटर तिरपा घालून दाताच्या पोटात त्या पहिल्या बोगद्याला गाठायचं. पेचकस वाकड्या बोगद्यातून फिरेल असे स्क्रू मिळतात. पण कटर किती तिरपा जाईल याला हद्द असते. त्या यंत्राची हद्द तीस अंश होती आणि इथे लागणार होते अठ्ठावीस. शिवाय कटर एकटा नसतो; त्याच्या मागे त्याला धरणारी जाड मूठ असते, आणि कटर जितका कलवावा तितकी ती शेजारच्या दातावर येते. हे सगळं पडद्यावर आधी ठरवायचं असतं. कल किती, कुणीकडे, कुठून सुरू, जास्तीत जास्त कितीपर्यंत. जिथे मूठ घासणार तिथे पडदा लाल होतो. आपोआप करणारं बटणही असतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच बघतं: धडक होणार असं दिसलं की कटर तेवढ्यापुरता बाजूला कलवतं, धोका टळला की पुन्हा ताठ. सेरमेतला ते बटण आवडत नसे. त्या झटक्यांचे वळ दातावर राहतात; भट्टीतून आल्यावर बोट फिरवलं की कळतात.

दुपारी मालक जावित साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय कलाकुसर चाललीय? सरळ भोक पाड आणि मोकळा हो. ती काय सिनेमात काम करणारे?"

"दिसेल ते," सेरमेत म्हणाला.

"दिसू दे. तिला चालतंय, डॉक्टरला चालतंय, तुझंच काय अडलंय?"

खरं उत्तर जावित साहेबांना देण्यासारखं नव्हतं. "वेळेत देतो," एवढंच तो म्हणाला. आणि वेळेत द्यायचं म्हणून त्या संध्याकाळी त्याने ते न आवडणारं बटण दाबलं. पडदा हिरवा होता. यंत्राने गुणगुणत मागच्या दाढा कोरल्या, बाजूचे दात कोरले, काचेवर पांढरी भुकटी साचत गेली. तो खुर्चीत बसून ऐकत होता. कटर पुढच्या दाताशी आला, कलला, आणि खडू फळ्यावर उलटा घासावा तसा एक कोरडा आवाज आला. यंत्र थांबवेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. पडद्यावरच्या हिशोबात जुनी बारीक मूठ होती, यंत्रात गेल्या महिन्यात आणलेली जाड. सुळ्याचं टोक उडालं होतं. त्याने चकती बाहेर काढली आणि तो थोटा सुळा अंगठ्याने चाचपत उभा राहिला. न भाजलेली चकती खडूसारखी मऊ असते, नखानेही खरवडते. फेरिहाचा सुळा. त्याला एकदम भलतंच आठवलं: ती धागा दातांनी तोडायची, कात्री हाताशी असली तरी. शिवता शिवता मान तिरकी करून, याच सुळ्याने. तो म्हणायचा, दात झिजतील. ती म्हणायची, तू आहेस ना करून द्यायला.

घरी जाताना कार्शियाकाच्या बोटीत तो बाहेरच्या बाकावर बसला. आखातावरून वारा येत होता, लोक तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांचे तुकडे सीगल पक्ष्यांना उडवत होते. शेजारी एक जोडपं एकाच फोनवर काहीतरी बघत हसत होतं. कुणी हसलं की त्याची नजर दातांवर जायची. वरचे किती दिसतात, हिरडी दिसते का. ही त्याची जुनी खोड. आज मात्र तो मान वळवून पाण्याकडे बघत राहिला. सात-आठ किलोमीटरच्या परिघात ती कुठेतरी होती. हॉटेलात, की कुणा नातेवाइकाकडे? प्लॅस्टिकच्या दातांनी सूप पीत असेल. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन करून नाव विचारता आलं असतं. पण नाव विचारायचं म्हणजे पुढे काहीतरी करायला हवं, आणि काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर त्याने दिवा लावला, आईच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, पाव आणि चीज उभ्यानेच खाल्लं. टेबलाशी बसून शेवटचं कधी जेवलो हे त्याला आठवेना.

बुधवारी तो लवकर आला आणि पहिल्यापासून सुरू केलं. चकतीत अख्खी पट्टीच चार अंश तिरपी बसवली, म्हणजे कटरला तेवढं कमी वाकावं लागेल. आपोआपचं बटण बंद केलं. कल कुठे सुरू व्हावा, किती हळू वाढावा, कुठे थांबावा, हे एकेका दातापाशी स्वतः लिहिलं. दोन दात आधीपासूनच कटर कलू लागेल, इतका हळूहळू की बघणाऱ्याला कळूही नये, आणि पुढच्या दाताशी पोचेल तेव्हा वाकलेलाच असेल. झटका नाही, वळ नाही. लांब कटर घेतला, वेग कमी केला, मूठ स्वतः मोजून हिशोबात घातली. नेझाहतने टेबलावर बोयोझचा खुसखुशीत पाव आणि उकडलेलं अंडं आणून ठेवलं, दुपारी ते तसंच उचलून नेलं. "कुठल्या राणीचे दात आहेत हो?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा. दुपारी यंत्र सुरू झालं तेव्हा तो बसला नाही. काचेशी उभा राहून बघत होता. कटर लवला, शेजाऱ्याला न शिवता टाळूच्या बाजूने दातात शिरला, बाहेर आला, पुन्हा सरळ झाला. दाताचा दर्शनी भाग तसाच गुळगुळीत, अभंग. सेरमेतने श्वास सोडला तशी काचेवर वाफ धरली.

एक गोष्ट राहिली होती. वाकड्या बोगद्याला जागा लागते, म्हणून दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला, जराशी जाडी ठेवावी लागली होती. जीभ तिथेच टेकते, स म्हणताना. नवख्या माणसाचा स तिथे अडखळतो. किती जाडी चालेल हे नकाशा सांगत नाही. नकाशाला जीभ नसते. भट्टी लागली, नेझाहतने गुरुवारी दिवसभर रंग चढवले, आणि शुक्रवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला की पट्टी घेऊन कुणीतरी या, काही घासावं लागलं तर इथेच होईल. अशा कामाला नेहमी नेझाहत जायची. तिने कोट उचललासुद्धा होता.

"मी जातो," सेरमेत म्हणाला.

नेझाहत बघत राहिली. "तुम्ही? तुम्ही तर जिना फक्त घरी जायला उतरता." मग तिने पट्टीची डबी त्याच्या हातात दिली, आणि का कोण जाणे, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

दवाखान्यात पाइनच्या वासाचा फवारा मारलेला होता. डॉक्टर बेरिल तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी डबी घेतली, पट्टी उजेडात धरली, "अरे वा, भोक नाहीच!" म्हणाल्या आणि आतल्या खोलीचं दार उघडून म्हणाल्या, "या ना उस्ताद, बाई खुर्चीतच आहेत. तात्पुरते दात काढलेत मी."

तो उंबऱ्यावर थांबला. आत खुर्चीची पाठ दिसत होती, वरून दिव्याचा उजेड, आणि खुर्चीच्या दांड्यावर एक हात. हातावर डाग पडले होते वयाचे. अंगठ्याच्या शेजारचं बोट सुईने टोचून टोचून खरबरीत झालेलं. तो हात एकदम आवळला गेला.

"आधी दात बसवा," सेरमेत म्हणाला. "मग येतो."

"अहो, काही हरकत नाही, आपल्याला काय नवीन आहे?"

"आधी बसवा, डॉक्टर. मी इथे उभा आहे."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर हसणाऱ्या बायकांचं पोस्टर होतं. आत पेचकसाची किरकिर, नळाचं पाणी, डॉक्टरांचं "जरा आणखी, झालं, झालं" ऐकू येत होतं. सहा वेळा किरकिर थांबली. पुढच्या दाताच्या वेळी सगळ्यात जास्त वेळ लागला.

"या आता!"

ती म्हातारी झाली नव्हती, बदलली होती. केस आखूड, पांढरे, रंगवलेले नाहीत. डोळ्यांखाली सूज. तोंड मिटलेलं होतं, आणि त्या मिटलेल्या तोंडाच्या आत त्याचं चार दिवसांचं काम होतं. तिचे डोळे त्याच्याकडेच होते, दारातून आला तेव्हापासून. त्यांत आश्चर्य नव्हतं; दाराबाहेरचा आवाज तिने आधीच ओळखला असावा.

"काहीतरी बोला बघू," डॉक्टर बेरिल हातमोजे काढत म्हणाल्या. "स असलेलं. साठ, सत्तर, काहीही."

तिने ओठ उघडले. "थेरमेत," ती म्हणाली.

मग तिला स्वतःचाच उच्चार ऐकू आला, आणि ती हसली. खांदे हलवत, डोळे मिटून, अगदी तशीच. वरचे सगळे दात दिसले, आणि समोरचा दात पांढरा, निर्मळ, कुठे डाग नाही. "थेरमेत! अल्ला, दुधाचे दात आले मला."

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" डॉक्टर म्हणाल्या.

"हो," सेरमेत म्हणाला.

"नवरा होता माझा," फेरिहा म्हणाली.

डॉक्टर बेरिलच्या हातातला मोजा अर्धवट निघून तिथेच लोंबत राहिला. "मी मग... मला एक फोन..."

"नका जाऊ कुठे," फेरिहा म्हणाली. "विमान आहे माझं. आधी माझं तोंड नीट करा."

पट्टी पुन्हा काढावी लागणार होती. सेरमेत न सांगता बाहेर गेला. डॉक्टरांनी ती दारातून त्याच्या हातात दिली, ओली आणि कोमट. शेजारच्या खोलीत घासायचं यंत्र होतं. त्याने चष्मा चढवला आणि पुढच्या दाताची पाठ घासायला घेतली. इथे नकाशा नव्हता, पडदा नव्हता. बोगद्याची भिंत किती पातळ आहे हे त्याला माहीत होतं. केसभर जास्त गेलं तर चिरली असती. तो थोडं घासायचा, थांबायचा, स्वतःच्या जिभेने स्वतःच्या दातामागे चाचपायचा. स, स, स. दोनदा पट्टी आत गेली, दोनदा परत आली. आतून प्रत्येक वेळी त्याचं नाव यायचं, आधी थेरमेत, मग शेरमेत, आणि तो भिंतीपलीकडे उभा राहून ऐकायचा. तिसऱ्यांदा ते नाव स्वच्छ आलं. किती वर्षांनी कुणीतरी ते नुसतं म्हटलं होतं, मागे दादा नाही, उस्ताद नाही.

तो आत गेला. ती हातआरशात बघत होती. आरसा तिने खाली ठेवला.

"सासूबाई कशा आहेत?" तिने विचारलं. डॉक्टर बेरिल कोपऱ्यात काहीतरी आवरत होत्या, आवरायला काही नसलं तरी.

"गेली आई. सहा वर्षं झाली."

"मला कळवलं नाहीस."

"नंबर बदलला होता तुझा."

"हं." तिची जीभ नव्या दातांमागून फिरली, गाल आतून जरा फुगला. "बहीण माझं हे सगळं बघायला नाही आली, तिला नातवंडं आहेत. मी म्हटलं, मी काय लहान आहे?"

दुपारच्या उन्हात ते समुद्रालगतच्या कठड्यावर बसले, तिची छोटी चाकांची बॅग मधे. टॅक्सी यायला वेळ होता. वारा सुटला होता, इझमिरला दुपारी सुटतो तसा. ती सांगत होती की दुकान बंद केलं, लोक आता कपडे दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. बहीण मुलाकडे राहायला गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली ट्राम. त्याने आपलं सांगितलं. ते सांगून लगेच संपलं.

"घरी कोण असतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"जेवतोस?"

"जेवतो की."

"बघते आहे किती जेवतोस ते." तिने त्याच्या मनगटाकडे हनुवटी केली. मग म्हणाली, "डॉक्टरीण सांगत होती, पुढे भोक राहणार होतं. तूच नाही म्हणालास. माझं आहे हे तुला ठाऊक होतं?"

"दाढ ओळखली."

"आणि म्हणून."

"दिसलं असतं ते," तो म्हणाला. "हसताना."

"कुणाला?"

तिने ते खोचक विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, पाण्याकडे बघत, हिशोब लागत नसल्यासारखं. तो काहीतरी शोधू लागला. तुझ्या मैत्रिणींना, शेजाऱ्यांना, ट्राममध्ये कुणालाही. प्रत्येक उत्तर जिभेवर यायच्या आधीच त्याला खोटं वाटलं. एक उत्तर खरं होतं, पण ते आजच्यापुरतं होतं, आणि टॅक्सी वळणावर दिसू लागली होती. ती उठली. बॅग त्याने उचलून ठेवली. "हात तुझे असेच राहोत," ती म्हणाली, कारागिराला सगळेच म्हणतात तसं, आणि काच वर गेली. पोचलीस की कळव, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. टॅक्सी दिव्यापाशी थांबली तेव्हाही होतं. दिवा हिरवा झाला.

प्रयोगशाळेत नेझाहतने विचारलं, "बसले?" तो म्हणाला, "बसले." जावित साहेब म्हणाले, बघ, उगीच चार दिवस घातलेस. नवे जबडे आले, क्रमांक घेऊन. आता मात्र त्याला ते नुसते गर्रकन फिरवता येईनात. हा माणूस एकाच बाजूने चावतो. या बाईच्या पुढच्या दाताला सुई धरायची सवय आहे. हिला दात कुणाला दाखवायचेत? तो उगाचच रेंगाळायचा. मग काम मागे पडायचं आणि तो बोटीला उशिरा जायचा. फोन त्याने दवाखान्यात नेला नव्हता, नंबर दिला नव्हता, मागितला नव्हता. हे त्याला बोटीत रोज एकदा आठवायचं, कार्शियाकाचा धक्का जवळ आला की. आठवून काही व्हायचं नाही. दोर फेकले जायचे, फळी पडायची, लोकांबरोबर तोही उतरायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी तो टेबलाशी बसून मसुराचं सूप पीत होता. हल्ली तो टेबलाशी बसत असे. फोन वाजला, परदेशातला लांबलचक नंबर.

"डॉक्टरणीकडून घेतला नंबर," फेरिहा म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "तुझा दात वाजतोय."

"कुठला?"

"पुढचा. बोलताना टकटक करतो. सैल झालाय का काय बघ."

"इथून कसं बघू?"

"मग ऐक."

त्याने चमचा खाली ठेवला. "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळपासून काय केलंस ते सांग."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती बसली असावी. ती सांगू लागली. सकाळी पाऊस होता म्हणून बाहेर पडले नाही. खालच्या पोलिश बाईचं कुत्रं जिन्यात बसून रडत होतं, तिला फोन केला, ती उचलेना, मग मीच खाली जाऊन त्याच्यापाशी जरा बसले. मग लीकची भाजी टाकली, तांदूळ घालून, ऑलिव्ह तेलातली, तशी इथे कुणी करत नाही. आणि सवयीने पातेलंभर केली, आता चार दिवस तेच खायचं. शिवणयंत्राला तेल दिलं, शिवायला काही नाही तरी. सेरमेत उठला आणि सीगलचा आवाज येऊ नये म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. त्याने फोन कानाशी घट्ट धरला होता, डोळे मिटले होते, आणि तो सगळी अक्कल पणाला लावून ऐकत होता. स स्वच्छ होता. त होता तसा होता. कुठे टकटक नव्हती, सैलपणा नव्हता. सहाही स्क्रू घट्ट होते, हे तो इथे बसून शपथेवर सांगू शकला असता. ती बोलायची थांबली.

"कळलं काही?" तिने विचारलं.

सूप निवत होतं. सगळं ठीक आहे, असं सांगायला एक क्षण लागला असता.

"नीट ऐकू आलं नाही," सेरमेत म्हणाला. "पहिल्यापासून सांग."